आधी काय बंद पडलं ते सांगा

सरांचं क्लिनिक शोधत आलेला माणूस पहिल्या खेपेला हमखास वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन पोचायचा. सरांच्या दारावर पाटी होती, पण तिच्यावर नाव, पदवी, वेळ यातलं काहीच नव्हतं. फक्त एवढंच होतं: 'बेल वाजवू नये. दार उघडे आहे. ढकलावे.' कोथरूडमध्ये असली पाटी वाचून माणूस आत जात नाही, दोन पावलं मागे सरतो. मग वर जाऊन चौकशी करतो. काकू दारातूनच सांगायच्या, "खाली. हो, तेच. चक्रम वाटले तरी तेच."

आत गेलं की दुसरी पाटी: 'मुलांना "काकांना नाव सांग" असे म्हणू नये. काकांना नाव माहीत आहे.' मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या मुलीचा, सुजूचा, दंड धरून मी नेमकं तेच वाक्य बोलायच्या बेतात होते. माझं तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं.

सर मानसशास्त्रज्ञ होते. ज्या मुलांचं डोकं चारचौघांसारखं चालत नाही, अशा मुलांबरोबर त्यांचं काम. कुणी ऑटिस्टिक, कुणाला जागेवर बसवत नाही, कुणाला पानावरची अक्षरं एका जागी दिसत नाहीत. आईबाप चार ठिकाणी हिंडून, 'वाढेल तसं जाईल' पासून 'तुम्ही लाडावलंय' पर्यंत सगळं ऐकून इथे यायचे. सर त्यांना पहिल्याच दिवशी सांगायचे, "मी बरं करत नाही. ताप असेल तर डॉक्टरकडे जा. तुमचं मूल आजारी नाही, वेगळं आहे. त्याला जगणं सोपं कसं जाईल, तेवढं मी बघतो." हे ऐकून काही जण तिथल्या तिथे उठायचे. सर त्यांना अडवत नसत. उलट बसस्टॉप कुठल्या बाजूला आहे ते सांगायचे.

मी तिथे आई म्हणून गेले आणि नंतर फोन उचलणारी म्हणून राहिले. ऑफिस सुटलं की साडेपाच ते साडेसात, सहा वर्षं. सरांना फोन सहन होत नसे. तो वाजला की ते खोली सोडून जायचे आणि मी बोलून ठेवला की दारातून विचारायचे, "गेला का?" सर वारले त्याला आता दोन वर्षं होतील. त्या जागेत ट्युशन क्लास आला आहे. बेल आहे, चांगली दणदणीत. परवा त्या रस्त्यानं जाताना ती ऐकली आणि मला उगीचच फार राग आला.

दिसायला सर म्हणजे उंच, ताठ, पाठीला कधी बाक नाही. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, दर रविवारी खडूनं पांढरे केलेले. समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत. बघायचे पायांकडे. दुसऱ्या भेटीत मी सुजूबद्दल काहीतरी सांगत होते आणि सर मध्येच म्हणाले, "तुमच्या डाव्या चपलेचा अंगठा सुटत आलाय. जाताना शिवून घ्या." मी मनात म्हटलं, झालं, आणखी एक शहाणा भेटला. घरी जाताना कोपऱ्यावर तो अंगठा सुटला. पुढे कधीतरी त्यांनीच सांगितलं, "डोळ्यांत बघितलं की मला ऐकू येत नाही. दोन्हींपैकी एक करता येतं. तुमचं ऐकायचं होतं."

त्यांच्या खोलीत पाच बैठका होत्या आणि एकीचा दुसरीला मेळ नव्हता. एक झुलती खुर्ची, एक स्टूल, छताला टांगलेला झोपाळा, शाळेतला जुना बाक आणि धान्याच्या पोत्यासारखी एक मऊ गादी. कुणी कुठेही बसावं. न बसलं तरी चालेल. टेबलाखाली बसलेल्या मुलाशी सर स्वतः जमिनीवर आडवे होऊन बोलायचे, बूट काढून, मोजे नीट घडी करून बाजूला ठेवून. आईबाप कुठे बसतात हेही ते बघायचे. "वडील नेहमी दाराजवळचं स्टूल धरतात," ते मला म्हणाले होते. "आणि सगळ्यात आधी रडतात तेही तेच." हे मी पुढे इतक्यांदा पाहिलं, की स्टुलाशेजारच्या खिडकीत कागदी रुमालांचा डबा ठेवायला लागले.

स्वमग्न या शब्दाशी त्यांचं वैर होतं. कुणी म्हटलं की लगेच, "कोण स्वतःत मग्न आहे? तुमचा मुलगा सव्वा तास त्या मुंग्यांत मग्न आहे. स्वतःत मग्न तुम्ही आहात. मघापासून लोक काय म्हणतील हेच सांगताय." असं तोंडावर ऐकून घेणारे पालक पुन्हा येतात कसे, याचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. मीही येतच होते म्हणा.

वरच्या काकूंचा आणि सरांचा पत्रव्यवहार हा आमच्या बाहेरच्या खोलीचा विरंगुळा होता. मध्ये एक जिना, पण दोघंही बोलण्याऐवजी लिहायचे. पहिलं पत्र सरांचं: 'आपल्या कुकरच्या शिट्टीने खालची मुले दचकतात. वेळ बदलता आल्यास पाहावे.' काकूंचं उत्तर त्याच कागदाच्या पाठीवर: 'जेवणाची वेळ आमचे हे ठरवतात व ते बदलत नाहीत. मुलांना शिट्टीची सवय लावावी.' त्यावर सरांचं: 'सवय लावण्याचे काम मी सोडून दिले आहे.' असं दोन आठवडे चाललं. शेवटी काकूंनीच तोड काढली. कुकर गॅसवर चढवला की त्या पळी खिडकीच्या गजावर दोनदा हलकेच वाजवायच्या. मग सर खाली जाहीर करायचे, "चार शिट्ट्या येणार आहेत." ज्यांना कान झाकायचे ते झाकायचे, बाकीचे बोटं मोजत वाट बघायचे. कळून आलेला आवाज तेवढा टोचत नाही, हे मी तिथे शिकले. एकदा काकूंचा भात तीनच शिट्ट्यांत उतरला तर खाली हलकल्लोळ माजला. काकू पदराला हात पुसत स्वतः खाली आल्या आणि एका सात वर्षांच्या मुलाला म्हणाल्या, "उद्यापासून चारच करीन हो. भात गिचका झाला तरी चालेल."

पण सरांची खरी ओळख व्हायची ती दुसऱ्या भेटीत. त्या भेटीत ते प्रत्येक पालकाला एक हकिकत सांगायचे. आधी बजावून, की ही ऐकल्यावर परत यायचं नसेल तर येऊ नका, मी समजून घेईन. मी ती एकदा समोर बसून ऐकली आणि नंतर दाराआडून कितीतरी वेळा. शब्द जवळपास ठरलेले असायचे.

"मी एकोणीस वर्षं शाळेत पीटी शिकवत होतो. शनिवार पेठेत. माझी कवायत अशी, की तीनशे मुलांचे हात वर जायचे आणि आवाज एकच यायचा. बहुतेक वर्षी ढाल आमची. एक मुलगा होता. तो डोळ्यांपुढे बोटं हलवायचा. दिवसभर. रांगेत उभा केला की रांग बिघडायची. दोन वर्षं स्पर्धेच्या दिवशी मी त्याला घरी थांबायला सांगितलं. तिसऱ्या वर्षी म्हटलं, याला सरळ करतोच. कवायतीचे लाकडी डंबेल्स त्याच्या हातात दिले आणि दिवसभर धरायला लावले. वर्गात, मधल्या सुट्टीत, घरी जाताना. बोटं हलली की पुन्हा पहिल्यापासून. तीन महिने. स्पर्धेला तो पहिल्या रांगेत उभा राहिला. हात हलले नाहीत. ढाल मिळाली. त्याची आई पेढे घेऊन आली. मी खाल्ले. दोन खाल्ले."

इथे ते थांबायचे. हे 'दोन खाल्ले' त्यांनी कधी गाळलं नाही.

"दिवाळीनंतर ती परत आली. म्हणाली, सर, तो गाणी म्हणायचा ते बंद झालंय. पतंगांबद्दल बोलायचा, डोकं उठवायचा, ते बंद झालंय. आता नुसता बसून असतो. बाई म्हणतात फार गुणी झाला. सर, त्याचे हात पुन्हा हलवता येतील का?"

"आले का?" मी विचारलं होतं. सगळेच विचारतात.

"नाही. पुढच्या वर्षी ते गाव सोडून गेले. त्याचं काय झालं मला माहीत नाही. माहीत आहे असं सांगून मी तुमची समजूत काढणार नाही."

त्यानंतर त्यांनी शिट्टी ठेवून दिली. चाळिशी उलटल्यावर वीस वर्षांच्या मुलींशेजारी बसून मानसशास्त्र शिकले. पुढच्या परीक्षा दिल्या, मोठ्या मंडळींच्या हाताखाली उमेदवारी केली. एका वडिलांनी हकिकत ऐकून तोंडावर सांगितलं, "म्हणजे तुम्ही मारकुटे मास्तर होतात." सर म्हणाले, "एकदाही हात उगारला नाही. म्हणून तर मला वाटत होतं मी चांगला आहे."

या हकिकतीमुळे सरांना आनंदाच्या बातम्यांचा संशय यायचा. कुणी पालक मिठाईचा पुडा घेऊन हसत हसत आले, "सर, आता अगदी शहाण्यासारखा बसतो हो!" की सर पुडा बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "वा. आधी काय बंद पडलं ते सांगा." गुणगुणणं बंद पडलं का, प्रश्न विचारणं बंद पडलं का, झोप कशी आहे, जेवतो का. एक आई चिडून म्हणाली, "सर, चांगलं झालं तरी तुम्हाला खपत नाही." त्यावर सर म्हणाले, "चांगलं कुणाला झालं ते बघतोय."

आता माझ्या सुजूचं सांगते. सुजाता. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आम्ही वारज्याला राहतो. सोसायटीत दोन वेळा पंप लागतो, उन्हाळ्यात टँकर. सुजूला पाइपला कान लावून गच्चीवरची टाकी किती भरली ते कळायचं. टाकी वाहायला लागली की ती जिन्यात उभी राहून किंचाळायची, कारण तिच्या दृष्टीनं काहीतरी भयंकर चुकत असायचं. सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या मुलीबद्दल काय काय लिहून आलं ते मी आजही सांगणार नाही. सर एका रविवारी आमच्याकडे आले आणि तासभर सुजूशेजारी पाइपला कान लावून उभे राहिले. येणारेजाणारे थबकून बघत होते. मी लाजेनं अर्धमेली. तासानं ते सेक्रेटरींकडे गेले आणि म्हणाले, "टाकी भरल्याचं अचूक सांगणारं माणूस तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही तिला गप्प करताय?" सेक्रेटरी तसे भले. चार दिवसांनी त्यांनी जिन्यातून हाक मारली, "सुजाताताई, पंप बंद करू का?" सुजू म्हणाली, "अजून चार मिनिटं." त्या दिवसापासून टाकी वाहिली नाही.

शाळेचं मात्र असं सोपं नव्हतं. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं. बाकांचे, डब्यांचे, पंख्याचे आवाज. सुजू उठून बाहेर नळाशी जाऊन बसायची. बाईंनी वर्षभर सांभाळून घेतलं, मग त्यांचाही धीर सुटला. मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "ती वर्गात बसणार असेल तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षी दाखला घेऊन जा. तिच्यासाठी वेगळी शाळा बघितलेली बरी."

दाखला हा शब्द मला का लागला ते समजायला आमचं घर माहीत हवं. माझे आजोबा गावच्या शाळेत चार वर्षं ओसरीवर बसून शिकले. आत यायची परवानगी नव्हती. खिडकीतून फळा दिसायचा तेवढा बघायचा. पाटी मास्तर लांबून तपासायचे. पुढे त्यांनी दीक्षा घेतली, मुलांना शिकवलं, माझे वडील नोकरीला लागले, मी सरकारी कचेरीत आले. आमच्या घरात सोनंनाणं फारसं कधी नव्हतं. शाळा होती. ती माझ्या पोरीच्या हातून सुटणार, या विचारानं मी आठवडाभर धड जेवले नाही.

सर माझ्याबरोबर शाळेत आले. मुख्याध्यापिका त्यांच्या बुटांकडे बघत होत्या आणि सर त्यांच्या सँडलकडे. बोलता बोलता बाई म्हणाल्या, "एक करता येईल. तिचा बाक बाहेर व्हरांड्यात ठेवू. दार उघडं राहील, तिला ऐकू येईल. दाखल्याचं मग बघायला नको."

"उत्तम!" सर इतके खूश झाले, की उभेच राहिले. "फारच उत्तम. व्हरांडा शांत आहे. नळही जवळ आहे. मी स्वतः हेच सुचवणार होतो." शेजारी सुजू दोन्ही हात फडफडवत होती. तिला तो व्हरांडा मनापासून आवडायचा. तिच्या मते प्रश्न मिटला होता.

बाईंनी तसा कागद पुढे केला. मी सही केली नाही. रिक्षा स्टँडपर्यंत कशीबशी चालत आले आणि भर रस्त्यात सरांवर ओरडले.

"माझ्या मुलीला वर्गाबाहेर बसवताय तुम्ही? माझ्या? आमचे आजोबा चार वर्षं बाहेर बसले, सर. आत जागा नव्हती म्हणून नाही. तुम्ही शंभर प्रश्न विचारलेत मला. झोप कशी, जेवण कसं, कपडे टोचतात का. तुमच्या घरातलं कोण शाळेत कुठे बसायचं, हे नाही विचारलंत. तुम्हाला विचारावंसंच वाटलं नाही. कारण तुमच्या घरात सगळे आतच बसले होते!"

रिक्षावाले बघत होते. सर माझ्या चपलांकडे बघत उभे होते. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच. मी बोलायची थांबले होते, ऐकायचं काही उरलं नव्हतं, म्हणून असेल. ते वळले आणि चालायला लागले. शाळेपासून क्लिनिकपर्यंत भर उन्हात चालत गेले, हे मला नंतर काकूंकडून कळलं.

रात्री मी बाबांना सांगितलं. बाबा आमच्याकडेच असतात. ते फक्त म्हणाले, "बाहेर?" मी मान हलवली. सकाळी चहा पिताना ते आपण होऊन बोलले. "माझ्या बापाला आत यायची मुभा नव्हती. खरा सल तो हाय. बाहेर वारा लागायचा, त्याचं काय वाईट नव्हतं. हिला आत यायची मुभा हाय का, एवढं बघ."

त्याच दिवशी दुपारी ऑफिसात सरांचा फोन आला. त्यांनी आपण होऊन कुणाला फोन केल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. नमस्कार नाही, काही नाही. "मी चुकलो," ते म्हणाले. "मला वाटत होतं मला आता सगळं विचारता येतं. पण सुजाता चुकलेली नाही. तिला तिथे खरंच बरं वाटतं. तुमचंही खरं आहे आणि तिचंही. दोन्ही कसं धरायचं ते मला सुचत नाही. तुम्ही सांगा, मी लिहितो."

मग मी सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं. सुजाताचा बाक वर्गात राहील, तिच्या नावाचा, दुसऱ्या रांगेत दाराकडे. हजेरी ती आत देईल. त्या बाकावर दुसऱ्याचं दप्तर ठेवायचं नाही. व्हरांड्यातही एक बाक असेल. तिला वाटेल तेव्हा ती तिथे जाईल, वाटेल तेव्हा आत येईल. तिला 'बाहेर जा' असं कुणीही, कधीही म्हणायचं नाही. बाईंनी नाही, मुलांनी नाही, शिपायानं नाही. एकदासुद्धा नाही.

मुख्याध्यापिकांना हे पटेना. पूर्ण बाहेर ठेवायला त्या तयार होत्या, हे आतबाहेर त्यांना नको होतं. "शिस्तीचं काय? उद्या सगळेच उठतील." तेव्हा सरांनी मी कधी न ऐकलेला आवाज काढला. मैदानावरचा असणार. "बाई, शिस्तीची ढाल मी अकरा वेळा आणलीय. तिच्यात काय असतं ते मला विचारा." आणि बसून, रोजच्या आवाजात, त्यांनी त्या मुलाची हकिकत सांगितली. पेढ्यांसकट. बाई बराच वेळ पेपरवेट फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "सहामाहीपर्यंत. पुढचं तेव्हा बघू."

ते सहा महिने माझ्या जिवाला घोर होता. जून गेला, जुलै गेला. मी कधी अर्धी रजा टाकून शाळेत डोकावायचे. आतला बाक रिकामा दिसायचा आणि सुजू बाहेर, पाय हलवत, वहीत लिहीत. तिची वही पूर्ण असायची. आतल्या प्रश्नाला ती बाहेरून उत्तर द्यायची, तेही बरोबर. तरी तो रिकामा बाक दिसला की माझा जीव तुटायचा. सरांना मी सांगितलं, "मला कळतंय, पण वळत नाहीये." ते म्हणाले, "मग नका वळू. तिनं मात्र तुमच्या तोंडाकडे बघून आत बसायला लागता कामा नये. ते मला लगेच सांगा." म्हणजे माझं तोंडही आता सांभाळायचं होतं.

सहामाहीच्या थोडं आधी, मी रजेवर घरी होते त्या दिवशी, सुजू शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, "आज मी आत बसले. पूर्ण दिवस."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. मी काही विचारू नये, हे कळत असूनही विचारलं. "का गं?"

"बाहेर अथर्व बसला होता."

"त्याला बाईंनी काढलं?"

"नाही. तोच आला. त्याचे कान दुखतात. पंख्यानं. मग मी आत गेले. कापूस घालून बसले." ती डबा उघडून धुवायला टाकत होती. "उद्या मी बाहेर. परवा तो. आम्ही वाटून घेतलंय."

मी मोरीत जाऊन रडले. आनंदानं, हेही सांगायला हवं. मग बाबांना सांगितलं, मग नवऱ्याला, आणि राहवेना म्हणून सरांना फोन लावला. त्यांनी चौथ्या रिंगला उचलला, म्हणजे मनाची तयारी करून. मी एका दमात सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी हा माणूस नुसतं 'वा' म्हणेल.

सर म्हणाले, "अथर्व कोण?"

"तिच्या वर्गातला. पहिल्या रांगेत बसतो. फार शहाणा मुलगा, सर. त्याची कधी तक्रार नाही."

"पहिलीपासून आहे?"

"हो."

"मग चार वर्षं तो पंखा त्यानं कसा सोसला," सर म्हणाले, "हे त्याला कुणी विचारलं?"

मलाही कुठे सुचलं होतं? मी माझ्याच मुलीच्या बाकाकडे बघत होते.

"मी बोलू शकत नाही त्याच्या आईशी," सर म्हणाले. "मी तिला कोण? तुम्ही बोला."

पालकांच्या ग्रुपवर नंबर होता. मी दोनदा लावून कापला. तिसऱ्यांदा तिनं उचलला. मी नाव सांगितलं, सुजाताची आई म्हणून सांगितलं, आणि म्हटलं, "आज तुमचा अथर्व व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता, त्याबद्दल फोन केला."

"अगं बाई." तिचा आवाज एकदम उतरला. "बसला का तो तिथे? चुकलं हो त्याचं. मी सांगते त्याला. परत नाही बसणार. तो तसा मुलगा नाही हो, कधी जागचा हलत नाही. बाईंनासुद्धा विचारा हवं तर."

ते सगळं मला शब्दन्‌शब्द ओळखीचं होतं. मी वर्षभर हेच बोलत होते, वेगवेगळ्या माणसांशी.

"ताई, भांडायला नाही केला फोन," मी म्हटलं. "बसू दे त्याला. त्याचे कान दुखतात, तो सुजाताला म्हणाला. उद्या ती बसेल, परवा तो. त्यांचं ठरलंय."

पलीकडे मागे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. मग तिनं अगदी हळू विचारलं, "त्याला कुणी बाहेर जा म्हटलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "तो स्वतः उठून गेला."